मागच्यांची सोय

बाबांची पत्र्याची ट्रंक आम्ही त्यांच्या चौदाव्यानंतर उघडली. वर डांबराच्या गोळ्या, खाली खाकी लिफाफे. प्रत्येकावर बाबांचं रेखीव अक्षर : ‘वीजबिलं’, ‘एलआयसी’, ‘पोस्ट’, ‘घरपट्टी’. १९८४ सालच्या सायकल दुरुस्तीची पावतीसुद्धा त्यांनी जपली होती. भावानं आणि मी दोन रात्री बसून एकेक लिफाफा पाहिला. पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट त्यांनी पगारातून हप्ते भरून घेतला होता. तो त्यांच्यामागे कोणाचा, याबद्दल मात्र कुठे एक ओळ नव्हती.

तशी गरज आहे असं आम्हालाही वाटलं नव्हतं. घर आईचं, यात वाद तो काय असणार? वाद झालाही नाही. तरी ते घर आईच्या एकटीच्या नावावर व्हायला पावणेतीन वर्षं लागली.

पहिली अडचण सोसायटीत कळली. नॉमिनी म्हणून मिरजेच्या काकांचं नाव होतं. फ्लॅटची नोंदणी झाली तेव्हा बाबांचं लग्न व्हायचं होतं. धाकट्या भावाचं नाव त्यांनी घातलं आणि पुढे ते बदलायचं राहून गेलं. काका फोनवरच म्हणाले, “मला काही नको. कुठं सही करायची तेवढं सांगा.” आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “ताई, तुमच्या वडिलांच्या आई आहेत का?”

आजी होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, मिरजेला, अंथरुणाला खिळलेली. मुलगा गेला हे तिला सांगितलं होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं होतं की नाही कोण जाणे. त्या आजीचा आमच्या फ्लॅटमध्ये चौथा हिस्सा होता. आई, भाऊ, मी आणि आजी, चौघांचे सारखे वाटे. तिचं हक्कसोडपत्र करून घ्यायचं म्हणून कागद तयार केले, आणि आठ महिन्यांनी आजीच गेली. तिचा पाव हिस्सा आता तिच्या मुलांकडे गेला : काकांकडे, दोन्ही आत्यांकडे, आणि बाबांच्या वाट्याचा आम्हा भावंडांकडे. आईच्या घराचे सोळातले तीन भाग मिरज, कोल्हापूर आणि बेळगाव इथे वाटले गेले. सून असलेल्या आईला त्या पाव हिश्श्यातलं काहीच मिळालं नाही.

काका आणि दोन्ही आत्या एकाच दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आल्या. थोरल्या आत्याच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. आयुष्यभर भाकऱ्या थापून बोटं झिजलेली. कारकुनानं चौथ्यांदा बोट पुसून टेकवायला सांगितलं तेव्हा ती आईकडे बघून म्हणाली, “वहिनी, दादानं एवढं सगळं लिहून ठेवलं, हे एक लिहिलं असतं तर!”

हा लेख आत्याच्या त्या वाक्यासाठी लिहिते आहे. आमची माणसं चांगली होती म्हणून आम्ही सुटलो. त्यातल्या एकानंही “बघू नंतर” म्हटलं असतं, तर आईला उतारवयात स्वतःच्या घरासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली असती.

कायद्यापुढचं कुटुंब

माणूस काही लिहून न ठेवता गेला, तर वाटणी कायदा करतो. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी तो १९५६चा हिंदू वारसा कायदा. पुरुषाच्या मागे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांना सारखा हिस्सा. आधी वारलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या कुटुंबाला त्या मुलाचा वाटा मिळतो. वडील दुसऱ्या वर्गात येतात. पहिल्या वर्गातलं कोणीही असेल तर त्यांना काही मिळत नाही.

हा कायदा सहजी आला नाही. हिंदू कोड बिल अडलं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढे ते बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं, त्यातलाच हा एक तुकडा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीनं जन्मसिद्ध हक्क देण्यात महाराष्ट्र देशाच्या पुढे होता : इथे ती दुरुस्ती १९९४ साली झाली, तीही तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरती. साऱ्या देशासाठी ती ९ सप्टेंबर २००५ला आली आणि तिथे लग्नाची अट नव्हती. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर पुढे पंधरा वर्षं खटले चालले. ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हक्क जन्मानं मिळतो, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही.

कायदा न्यायी आहे, पण त्याला घर ठाऊक नसतं. आईवडिलांची दहा वर्षं सेवा केलेली मुलगी आणि परदेशातून फोन करणारा मुलगा त्याला सारखेच. लग्न न करता वीस वर्षं सोबत राहिलेली बाई त्याला दिसतच नाही. त्याच्या नजरेपुढे एक ठरावीक कुटुंब आहे. आपलं घर त्या साच्यात बसत असेल तरीही लिहून ठेवावं, आणि बसत नसेल तर लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

बाईच्या मागे

या कायद्याचं सर्वांत दुखरं कलम म्हणजे १५वं. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता आधी मुलांना आणि नवऱ्याला जाते. ती दोघंही नसतील, तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. आईवडिलांकडून वारशानं मिळालेल्या मालमत्तेपुरता अपवाद आहे : मूल नसेल तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण स्वतःच्या कमाईला हा अपवाद लागू नाही.

याचा अर्थ २००९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ओम प्रकाश विरुद्ध राधाचरण या निकालात उघड झाला. एका मुलीचं १९५५ साली लग्न झालं, तीन महिन्यांत नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. आईवडिलांनी तिला सांभाळलं, शिकवलं, ती नोकरीला लागली. १९९६ साली ती वारली तेव्हा बँकेत आणि भविष्यनिर्वाह निधीत चांगली रक्कम होती. मृत्युपत्र नव्हतं. तिच्या आईनं दावा केला, नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही केला. न्यायालयानं परिस्थिती कठीण असल्याचं मान्य केलं, पण कायद्याची भाषा स्पष्ट आहे म्हणून पैसे नवऱ्याच्या भाच्यांना दिले. ज्या घरानं तिला दाराबाहेर केलं, त्याच घरात तिच्या घामाचे पैसे गेले.

एका पानावर चार ओळी आणि दोन साक्षीदार असते, तर हे झालं नसतं. नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं ते याच कलमासंदर्भात. माझ्या ओळखीतल्या शिक्षिका, नर्स, बँकेतल्या अधिकारी, सगळ्यांना मी हे सांगत आले आहे. त्यांच्यापैकी बहुतेकींचं उत्तर एकच असतं : “यांनी केलंय ना!” नवऱ्याचं मृत्युपत्र नवऱ्याच्या मालमत्तेचं. तुमच्या पगाराचं, पीएफचं, दागिन्यांचं तुम्हालाच करावं लागेल.

सातबाऱ्यावरची नावं

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात चावडीवर बसून मी एक सातबारा वाचला. जमीन पन्नास गुंठे. नावं सत्तावीस. शेजारी बसलेले म्हातारे गृहस्थ बोट ठेवून सांगत होते, “हा मयत. हा पण मयत. ही मुंबईला दिली, तिचा पत्ता नाही.” नऊ नावं मेलेल्या माणसांची होती. त्यांच्यातले दोघे ७२च्या दुष्काळातच गेलेले. कसणारा एकच, त्या गृहस्थांचा मुलगा. त्याला पीककर्ज मिळत नव्हतं, कारण बँकेला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या.

जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याकडे खबर द्यायची असते. खेड्यात मात्र बारावं-तेरावं चुकत नाही, वारसनोंद चुकते. २०२५ साली राज्य सरकारनं बुलढाणा जिल्ह्यापासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू केली, ती मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठीच. मोहिमेचं नावच सगळं सांगतं. एक मात्र ध्यानात ठेवावं : फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा निवाडा नव्हे. नाव लागलं म्हणून जमीन एकट्याची होत नाही आणि नाव लागलं नाही म्हणून हक्क बुडत नाही.

याच चावडीवर बहिणींच्या सह्यांचा विषय निघतो. वडील गेले की भाऊ कागद पुढे करतो, बहीण सही करते. माहेर तुटू नये, भाऊबीजेला दार उघडं राहावं म्हणून. काहीजणी राजीखुशीनं करतात, त्यांच्या मनाच्या मोठेपणाला माझा नमस्कार. पण कित्येकींना आपण काय सोडलं हे ठाऊकच नसतं. ‘वारसनोंदीची सही’ म्हणून हक्कसोडपत्र पुढे आलेलं असतं. बहिणींनो, कागद घरी आणा, वाचा, आणि मग द्यायचं असेल तर द्या. आणि भावांनो, बहिणीच्या सहीची तुम्हाला खात्री असेल, तर तिला वाचायला वेळ द्यायला हरकत काय?

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. सात-बाऱ्यावर बाईचं नाव तिच्या नवऱ्याच्या हयातीत लागू शकतं, हे त्या चळवळीनं दाखवून दिलं. मागच्यांची सोय आपण असताना लावणं याहून वेगळं काय असतं?

साच्याबाहेरची घरं

दुसऱ्या लग्नाच्या घरात सावत्र मूल कितीही जीव लावून वाढवलेलं असो, ते सावत्र वडिलांचं कायदेशीर वारस होत नाही. रीतसर दत्तक घेतलं तर पोटच्या मुलासारखा पूर्ण हक्क मिळतो. नाहीतर मृत्युपत्र हाच मार्ग. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न कायद्यानं शून्य ठरतं, त्या पत्नीला वारसा नाही. तिच्या मुलांना मात्र आईवडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे आणि वडिलोपार्जित मालमत्तेतल्या वडिलांच्या हिश्श्यातही आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२३ला स्पष्ट केलं.

लग्नावाचून एकत्र राहणारी आणि समलिंगी जोडपी यांना एकमेकांचा वारसा आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. पुढच्या वर्षी केंद्रीय अर्थ मंत्रालयानं एवढं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना संयुक्त खातं उघडता येतं आणि एकमेकांना नॉमिनी करता येतं. पण नॉमिनेशन म्हणजे वारसा नव्हे. अशा घरात मृत्युपत्र नसेल, तर वर्षानुवर्षं तोंडही न पाहिलेले नातेवाईक कुलूप लावायला येतात.

आंतरधर्मीय जोडप्यांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल, तर त्यांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो : मुलं असल्यास जोडीदाराला तिसरा हिस्सा, उरलेले दोन मुलांना. मुस्लिम कुटुंबात मुलं असताना पत्नीला आठवा हिस्सा, मुलीला मुलाच्या निम्मा. मृत्युपत्रानं एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही आणि सुन्नी कायद्यात एका वारसाला जास्त द्यायचं तर बाकीच्यांची संमती लागते. म्हणून मुलीला बरोबरीनं द्यावं असं वाटणारे अनेक मुस्लिम वडील हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करतात. त्यात देणं, स्वीकारणं आणि ताबा या तिन्ही गोष्टी खऱ्या व्हाव्या लागतात.

गोव्यात सगळ्यांना एकच नागरी कायदा आहे, त्याचं मूळ १८६७च्या पोर्तुगीज संहितेत. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, निम्मी निम्मी. त्यामुळे गोव्यातली विधवा अर्ध्या घराची मालकीण असतेच. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. त्यातही निम्मा भाग मुलांसाठी राखीव, तो मृत्युपत्रानं दुसऱ्याला देता येत नाही. गोव्यात अधिवास असलेल्या माणसानं मुंबईत फ्लॅट घेतला तरी त्यालाही हाच कायदा लागू, असं २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. मुंबईत घर घेतलेल्या अनेक गोवेकरांना हे ठाऊक नसतं.

आणि विशेष मुलांची घरं. “आमच्यामागे याचं काय?” हा प्रश्न घेऊन जगणारे आईवडील मी जवळून पाहिले आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमता येतो. मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, म्हणून हा अर्ज वेळेत करावा. मालमत्ता मुलाच्या नावावर थेट न ठेवता खासगी न्यास करून त्यातून दरमहा खर्च भागवण्याची सोय करता येते. विश्वस्त दोन तरी असावेत आणि त्यातला एक आपल्यापेक्षा तरुण.

नॉमिनी म्हणजे कोण?

आमच्या काकांच्या बाबतीत जो घोळ झाला तो घरोघरी होतो. नॉमिनी हा पैसे किंवा मालमत्ता हाती घेणारा विश्वासू माणूस, मालक नव्हे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून सुरू झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ला हेच शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सांगितलं. गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनीला मिळतं ते तात्पुरतं सभासदत्व, वारस ठरेपर्यंत. विम्यात मात्र २०१५च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात. बँकेत १ नोव्हेंबर २०२५पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. तेव्हा नॉमिनेशन करावंच, पैसे लवकर हाती येतात. पण मृत्युपत्र आणि नॉमिनेशन यांत एकच नाव असेल असं बघावं.

आजच देऊन टाकावं का?

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती जोडीदाराला, मुलाला, मुलीला, नातवंडाला किंवा दिवंगत मुलाच्या पत्नीला बक्षीसपत्रानं द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार. स्वस्त आहे म्हणून अनेकजण घाई करतात. बक्षीसपत्र त्या दिवसापासून लागू होतं, मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३वं कलम सांभाळ न केल्यास हस्तांतर रद्द करण्याची वाट देतं आणि २ जानेवारी २०२५च्या ऊर्मिला दीक्षित निकालानं ते कलम ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचायला सांगितलं. तरी त्यासाठी म्हातारपणी आपल्याच मुलाविरुद्ध अर्ज करावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे : राहत्या घराचं छत डोक्यावरून हयातीत काढून देऊ नये. द्यायचंच असेल तर सांभाळाची अट आणि स्वतःचा आजन्म राहण्याचा हक्क कागदावर लिहून घ्यावा.

कागद कसा करायचा

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. कोरा कागद, कोणतीही भाषा. वय अठरा पूर्ण आणि मन शुद्धीवर असलं की झालं. आपण सही करायची, ती दोन साक्षीदारांनी पाहायची आणि त्यांनी आपल्यादेखत सह्या करायच्या. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण आणि वाटणीत नसलेले निवडावेत. वय झालेलं असेल तर डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला जोडावा. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. शेवटी जे केलं तेच खरं धरलं जातं, म्हणून तारीख विसरू नये. पागडीच्या खोलीचा भाडेहक्क मृत्युपत्रानं देता येत नाही. तो त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाला कायद्यानं जातो. कुलमुखत्यारपत्र माणसाबरोबर संपतं; परदेशी असलेल्या मुलांनी त्याच्या भरवशावर राहू नये.

आणि एक माणूस नेमावा, जो हे सगळं पार पाडेल. त्याला आधी विचारावं.

आईनं तिचं मृत्युपत्र दोन वर्षांपूर्वी केलं. जेवणाच्या टेबलावर, फुलस्केपवर, स्वतःच्या हातानं. तीन पानं. पाटल्या कोणाच्या, फ्लॅट कोणाचा, मोठं पितळी घंगाळ कोणाचं हे सगळं त्यात आहे. भावाला आणि मला समोर बसवून तिनं ते मोठ्यानं वाचलं. एका ठिकाणी भावाला काही वेगळं वाटलं, त्यानं ते तिथेच सांगितलं आणि आईनं ती ओळ खोडून पुन्हा नवं पान लिहिलं. शेजारच्या दोघांनी साक्षीच्या सह्या केल्या, आईनं त्यांना चहा-पोहे दिले. मूळ प्रत बाबांच्या ट्रंकेत आहे. लिफाफ्यावर आईच्या गोल अक्षरात लिहिलं आहे : ‘माझ्यामागे’.

या दिवाळीत घर भरलेलं असेल. भाऊबीजेचं ओवाळून झालं की सगळे एकत्र बसलेले असताना हा विषय काढा. एक वही, एक पेन, दोन साक्षीदार, याहून अधिक काही लागत नाही.